अमेरिकेतील शस्त्रपरवाना आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 आम्ही साधे शाळामास्तर. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य गेले ते मुलांना इतिहास व नागरिकशास्त्र शिकविण्यात. तेव्हा कायदेपंडिताच्या अधिकाराने नव्हे, तर नागरिकशास्त्राच्या एका जुन्या शिक्षकाने वाचून, विचारून आणि पडताळून जे समजून घेतले, तेवढेच आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत.

विषयाचे नाव ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. विद्यार्थी-साहाय्य, वधूवर-सूचन, वसतिगृहाची इमारत अशा विषयांची ज्या संमेलनात चर्चा व्हावयाची, तेथे पिस्तुलाची गोष्ट कशासाठी? याचे उत्तर सोपे आहे. आज आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी अमेरिकेत आहे. आपण दूरध्वनीवर त्यांची नोकरी विचारतो, प्रकृती विचारतो, नातवंडांची शाळा विचारतो. परंतु ज्या देशात पिस्तूल दुकानात विकत मिळते, त्या देशात आपल्या मुलाने त्याविषयी काय ठरविले आहे, हा प्रश्न आपल्या मनातच येत नाही. गतवर्षी आम्ही टेक्सास राज्यात आमच्या कन्येकडे सहा महिने राहिलो. जावयांच्या मित्रमंडळींच्या गप्पांत हा विषय वारंवार निघे. शेजाऱ्याने पिस्तूल घेतले, कचेरीतील सहकाऱ्याने घेतले, मग आपणही घ्यावे काय? त्यातील एक तरुण मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाला, “काका, या राज्यात आता परवानाच लागत नाही, मग अडचण कसली?” या एका वाक्यात किती गैरसमज दडलेले आहेत, ते उलगडून दाखविणे हाच आजच्या व्याख्यानाचा हेतू होय.

प्रथम आपल्या घरची स्थिती आठवू. १८७८ साली इंग्रज सरकारने शस्त्रास्त्रांचा कायदा करून हिंदी प्रजेचे हात बांधले. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली आपला स्वतःचा शस्त्र अधिनियम आला, आणि २०१६ साली त्याखालील नवे नियम झाले. तत्त्व मात्र स्पष्ट राहिले. आपल्याकडे बंदूक बाळगणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. सरकारने कारण पाहून, चौकशी करून दिलेली ती अनुज्ञा आहे. जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि आयुक्तालयाच्या शहरांत पोलीस आयुक्त तो परवाना देतात. अर्जदाराला जीवितास धोका का आहे हे सांगावे लागते, आणि पोलीस त्याची चौकशी करतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसास दोनच अग्निशस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली. निवडणुकीच्या काळात तर पुष्कळांना आपले शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते. अशा वातावरणात वाढलेला आपला मुलगा अमेरिकेत जातो, आणि तेथे त्यास अगदी उलट चित्र दिसते.

त्या देशाच्या राज्यघटनेस १७९१ साली ज्या दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या, त्यांतील दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याच्या हक्काविषयी आहे. तिचा अर्थ काय, यावर दोन शतके वाद झाला. २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, स्वसंरक्षणार्थ घरात पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे. २०१० साली तोच हक्क राज्यांवरही बंधनकारक ठरला. पुढे २३ जून २०२२ रोजी न्यूयॉर्क राज्याच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा परवाना हवा असेल, तर सर्वसामान्यांहून वेगळी अशी विशेष गरज सिद्ध करा, ही त्या राज्याची जुनी अट न्यायालयाने रद्द केली.

इतके ऐकून तरुण थांबतात. पुढचे वाचीत नाहीत. त्याच २००८ च्या निर्णयात न्यायालयाने बजाविले आहे की, हा हक्क अमर्याद नाही. शाळा व सरकारी इमारती यांसारख्या जागी बंदी घालता येते. २०२४ साली आठ विरुद्ध एक अशा मताने न्यायालयाने हेही मान्य केले की, घरातील माणसास धोका उत्पन्न करतो म्हणून ज्याच्यावर न्यायालयीन मनाई आहे, त्याच्या हातून शस्त्र काढून घेता येते. हक्क आहे, तथापि तो कोणाला, कोठे आणि कशा रीतीने, हे प्रश्न शिल्लकच राहतात. त्यांची उत्तरे पन्नास राज्ये पन्नास प्रकारांनी देतात.

कपड्याखाली झाकून पिस्तूल बाळगण्यासंबंधी या राज्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात परवान्याची अटच नाही. व्हरमाँट राज्यात ती कधीच नव्हती. अलास्काने २००३ साली काढली, टेक्सासने १ सप्टेंबर २०२१ पासून, आणि २०२४ अखेर अशी राज्ये २९ झाली. दुसऱ्या वर्गात परवाना अनिवार्य आहे. अटी पूर्ण केल्यास तो द्यावाच लागतो, परंतु अटी कोठे हलक्या तर कोठे फार कडक.

हा परवाना मिळतो कसा, ते उदाहरणांनी पाहू. पेनसिल्व्हेनियात मनुष्य २१ वर्षांचा असावा लागतो. आपल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, शेरीफकडे अर्ज करावयाचा, २० डॉलर भरावयाचे; शेरीफने ४५ दिवसांत चौकशी करून निर्णय द्यावयाचा, आणि मिळालेला परवाना पाच वर्षे चालावयाचा. शिक्षणवर्गाची सक्ती नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र १ सप्टेंबर २०२२ पासून १६ तासांचे वर्ग आणि त्यावर २ तासांचा प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव लागतो. सद्वर्तनाची ग्वाही देणारी चार माणसे द्यावी लागतात आणि समक्ष मुलाखतही होते. टेक्सासने परवान्याची सक्ती काढली, तरी परवाना देणे बंद केलेले नाही. तेथे चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा, बोटांचे ठसे, ४० डॉलर शुल्क, आणि नेमबाजीची परीक्षा आहे. ही परीक्षा ३, ७ व १५ यार्डांवरून ५० फैरींची असते, आणि २५० पैकी १७५ गुण मिळाले तरच उमेदवार उत्तीर्ण होतो. म्हणजे शेकडा ७०! आमच्या वेळी मॅट्रिकला शेकडा ३५ पुरत असत. आमच्या मते, गोळी ज्या हातातून सुटावयाची, त्या हाताची परीक्षा गणिताच्या परीक्षेहून कडक असावी हे योग्यच आहे.

आता कोणी विचारील, सक्तीच नाही तर टेक्सासचा मनुष्य हा खटाटोप का करतो? याची दोन मोठी कारणे आहेत. एक असे की, शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत शस्त्र बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याची मनाई आहे. त्या राज्याचा परवाना ज्याच्याजवळ आहे, त्यास तीतून सूट मिळते. परवान्याविना फिरणाऱ्यास ती सूट नाही, आणि शहरात शाळा टाळून जाणारा रस्ता सापडणे कठीण. दुसरे कारण राज्याच्या सीमेचे आहे, आणि तेच या विषयाचे मर्म होय.

आपल्या मोटार चालविण्याच्या परवान्यावर आपण गोव्यात किंवा कर्नाटकात निर्धास्त जातो. अमेरिकेतही मोटारीचा परवाना सर्व राज्यांत चालतो. पिस्तुलाच्या परवान्याचे तसे नाही. कोणत्या राज्याने कोणाचा परवाना मानावयाचा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. काही राज्यांनी परस्परांशी करार केले आहेत, काही राज्ये सर्वांचेच परवाने मानतात, आणि न्यूयॉर्क व न्यू जर्सी ही राज्ये बाहेरच्या कोणाचाच मानीत नाहीत. सर्व देशभर एक परवाना चालावा असे विधेयक २०१७ च्या डिसेंबरात तेथील प्रतिनिधिगृहाने संमत केले होते; सिनेटमध्ये ते पुढे गेले नाही.

याचा परिणाम काय होतो, ते एका घडलेल्या प्रकरणावरून स्पष्ट होईल. २०१३ साली फिलाडेल्फिया येथील एक तरुण माता आपल्या मोटारीतून शेजारच्या न्यू जर्सीत गेली. तिच्याजवळ पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना होता. वाहतुकीच्या काही कारणावरून पोलिसाने मोटार थांबविली, तेव्हा तिने आपण होऊन प्रामाणिकपणे सांगितले की, माझ्याजवळ पिस्तूल आहे आणि हा त्याचा परवाना. त्या प्रामाणिकपणाचे फळ म्हणून तिला अटक झाली. पुलाच्या अलीकडे जो दस्तऐवज तिचे रक्षण करीत होता, तो पुलाच्या पलीकडे कवडीमोलाचा ठरला. तिला कित्येक दिवस तुरुंगात काढावे लागले, आणि अनेक वर्षांच्या सक्तीच्या कारावासाची टांगती तलवार तिच्या डोक्यावर राहिली. अखेर २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्याचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी तिला क्षमा केली, तेव्हा ती पूर्णपणे मुक्त झाली. तिने कोणास इजा केली नव्हती, काही लपविले नव्हते. केवळ नकाशावरील एक रेषा ओलांडली होती.

प्रवाशासाठी १९८६ च्या केंद्रीय कायद्याने एक वाट मोकळी ठेवलेली आहे. ज्या ठिकाणाहून निघालो आणि जेथे पोचावयाचे, त्या दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणे कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून ते नेता येते. परंतु पिस्तुलात गोळ्या नसाव्यात, आणि पिस्तूल व काडतुसे हाताशी नसावीत. ती डिकीत असावीत. डिकी नसल्यास कुलूपबंद पेटीत असावीत, आणि मोटारीच्या पुढच्या खणास कुलूप असले तरी तो खण चालत नाही. विमानाने जावयाचे तर गोळ्या काढलेले शस्त्र कुलूपबंद कठीण पेटीत घालून, विमान कंपनीस सांगून, मोठ्या सामानात द्यावे लागते. एवढे स्पष्ट नियम असूनही २०२३ या एका वर्षात तेथील विमानतळांच्या तपासणीत प्रवाशांच्या हातसामानात ६,७३७ अग्निशस्त्रे सापडली, आणि त्यांपैकी बहुतेक भरलेली होती.

सीमेच्या आतही जागोजागी मर्यादा आहेत. टेक्सासात दुकानांच्या दारावर इंग्रजी व स्पॅनिश भाषांत मोठ्या अक्षरांची पाटी आम्ही पाहिली. तेथील दंडसंहितेच्या ३०.०६ या कलमाची ती पाटी असली, म्हणजे परवानाधारकानेही झाकलेले पिस्तूल आत नेऊ नये. ज्या ठिकाणी ५१ टक्के वा अधिक उत्पन्न तेथेच बसून पिण्याच्या मद्यविक्रीचे, त्या ठिकाणी ‘५१ टक्के’ असा तांबडा अंक लावलेला असतो, तेथेही बंदी. न्यायालये व केंद्र सरकारच्या इमारती सर्वत्र वर्ज्य. पोलिसाने मोटार थांबविली असता मिशिगनमध्ये परवानाधारकाने आपल्याजवळ शस्त्र आहे हे तत्काळ सांगितलेच पाहिजे. इतर काही राज्यांत विचारल्यावर सांगावयाचे.

आणि शस्त्र वापरण्याचा प्रसंग आलाच, तर? फ्लॉरिडाने २००५ साली कायदा केला की, जेथे असण्याचा हक्क आहे तेथून मागे हटण्याचे बंधन नाही. न्यूयॉर्कमध्ये घराबाहेर सुरक्षितपणे निघून जाणे शक्य असेल, तर प्राणघातक बळ वापरण्यापूर्वी निघून गेलेच पाहिजे. तीच कृती एका राज्यात स्वसंरक्षण, तर दुसऱ्या राज्यात अपराध! शिवाय फौजदारी न्यायालयातून सुटलेला मनुष्य दिवाणी न्यायालयात सुटतोच असे नाही. १९९२ साली लुइझियाना राज्यात शिक्षणासाठी आलेला १६ वर्षांचा एक जपानी विद्यार्थी मेजवानीचे घर समजून चुकीच्या दारी गेला. घरमालकाने त्यास थांबण्यास बजाविले. ते त्या मुलास उमगले नाही आणि गोळीने त्याचा प्राण गेला. घरमालक फौजदारी खटल्यातून सुटला. परंतु दिवाणी दाव्यात त्याच्यावर साडेसहा लक्ष डॉलरांहून अधिक भरपाईचा हुकूम झाला. पैसे मिळाले म्हणून त्या मातापित्यांचा मुलगा परत आला नाही. जे आईवडील मुलांकडे जातात, त्यांना आम्ही मुद्दाम सांगतो की, तेथे सगळी घरे एकसारखी दिसतात. संध्याकाळी फिरावयास जाताना घराचा क्रमांक खिशात लिहून ठेवावा, आणि अनोळखी दार खटखटवू नये.

आता आम्ही ज्या मुद्द्यासाठी येथे उभे आहोत, त्याकडे येतो. आतापर्यंत सांगितले ते तेथील नागरिकांचे झाले. आपल्या मुलांपैकी पुष्कळजण नागरिक नाहीत. कोणी एफ-१ व्हिसावर शिकत आहे, कोणी एच-१बी व्हिसावर नोकरी करीत आहे, पत्नी एच-४ वर आहे. संघराज्याचा कायदा सांगतो की, अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने अग्निशस्त्र अथवा काडतूस जवळ बाळगू नये. शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजके अपवाद आहेत. ते वकिलास विचारल्यावाचून आपल्यास लागू आहेत असे कोणी धरून चालू नये. या अपराधास २०२२ पासून १५ वर्षांपर्यंत कारावास आहे. टेक्सासने परवान्याची अट काढली म्हणून ही केंद्रीय मनाई उठत नाही. “आता परवानाच लागत नाही” असे म्हणणाऱ्या त्या तरुणास आम्ही एवढेच विचारले, “तुमचा व्हिसा कोणता?” तो एच-१बी वर होता. पुढचे त्याचे त्यानेच वाचून घेतले, आणि विषय तेथेच मिटला.

येथे ‘बाळगणे’ या शब्दाचा अर्थ लक्षात घ्यावा. शस्त्र आपल्या मालकीचेच असावे लागते असे नाही. सुटीच्या दिवशी सहकारी नेमबाजीच्या मैदानावर नेतात, भाड्याने पिस्तूल घेऊन देतात, छायाचित्र काढतात आणि ते नातेवाइकांना पाठवितात. त्या क्षणी शस्त्र आपल्या हाती होते, याचा पुरावा आपणच निर्माण केलेला असतो. तसेच, नागरिक असलेल्या चुलतभावाने दुकानातील अर्जावर “मी स्वतःसाठी घेत आहे” असे लिहून व्हिसावरील भावासाठी पिस्तूल आणणे हाही गंभीर गुन्हा आहे; त्यात दोघेही अडकतात. भाऊबंदकीचे प्रेम दाखविण्याची ही जागा नव्हे.

ज्यांना ग्रीन कार्ड मिळाले आहे, त्यांना शस्त्र विकत घेता येते आणि परवानाही मिळू शकतो. परंतु त्यांच्यासाठीही एक गोष्ट नागरिकाहून वेगळी आहे. शस्त्रविषयक गुन्ह्यात दोष सिद्ध झाला, तर परदेशी माणूस, तो कायमचा रहिवासी असला तरी, देशाबाहेर काढला जाण्यास पात्र ठरतो. त्या फिलाडेल्फियाच्या मातेसारखी सीमा ओलांडण्याची गोष्ट आपल्या मुलाकडून घडली, तर पणास काय लागेल याचा विचार करा. वीस वर्षांची नोकरी, कर्ज काढून घेतलेले घर, तेथेच जन्मलेली मुले, सर्वच.

येताना सामानाची काळजी घ्यावी, हेही सांगितले पाहिजे. नेमबाजीच्या मैदानावर नेलेली पिशवी तशीच प्रवासास घेतली, आणि तिच्या एखाद्या कप्प्यात एक जिवंत काडतूस राहून गेले, तर आपल्या विमानतळावर १९५९ च्या अधिनियमाखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. काडतूस जाणीवपूर्वक बाळगले होते काय, हा प्रश्न न्यायालय पाहते हे खरे. पण तेथपर्यंत पोचेतो सुटी संपते, नोकरी धोक्यात येते आणि घरचे लग्नकार्य पोलीस ठाण्याच्या पायरीवर साजरे होते.

शेवटी एक प्रश्न उरतो. ज्यास कायद्याने मुभा आहे, त्याने पिस्तूल घ्यावे की नाही? हजारो मैलांवर बसून आम्ही कोणास हुकूम देणार नाही. रात्री उशिरा दुकान वा उपाहारगृह बंद करून एकट्याने घरी जाणाऱ्या माणसाची भीती खरी असू शकते. तिची चेष्टा करू नये. परंतु दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. त्या देशात बंदुकीच्या गोळीने होणाऱ्या मृत्यूंपैकी अर्ध्याहून अधिक आत्महत्या असतात. चोरासाठी घेतलेले शस्त्र घरातील निराश मनासही उपलब्ध असते, आणि उत्सुक बालकासही. ज्याने घेतले, त्याने ते गोळ्या काढून, कुलपात ठेवावे, हे सांगण्यास कोणत्याही राज्याचा कायदा पाहावा लागत नाही.

तेव्हा मातापित्यांनो, पुढच्या वेळी मुलाशी बोलाल तेव्हा रागावू नका, घाबरवू नका. पाच प्रश्न शांतपणे विचारा. तुझा व्हिसा कोणता? तुझ्या राज्याचा कायदा तू सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचलास काय, की मित्राने सांगितला? तू ज्या राज्यात जाणार आहेस, तेथे तुझा परवाना मानतात काय? घरात कुलूप आहे काय? आणि शंका असल्यास तू वकिलाला विचारलेस काय? हे कायदे दरवर्षी बदलतात. आज आम्ही सांगितले तेही पुन्हा पडताळून घ्यावे. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आपली संस्था साहाय्य देते, त्या वेळी बँक, विमा व घरभाडे यांच्या सूचनांबरोबर या विषयाचेही एक पान छापून द्यावे, अशी आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे.

आपले पूर्वज नव्या गावी वस्तीस गेले, म्हणजे प्रथम तेथील पाणवठा, वाट आणि रीत विचारून घेत. आपली मुले अधिक दूर गेली आहेत. त्यांनी विचारून घेण्याच्या गोष्टीही वाढल्या आहेत, इतकेच.